मँगनीज

सदतीस अंशांवर, गुलाबी पाण्यात,
त्या बाईच्या पेशी अजून वाढतात.
बाई गेली. नाव कळलं नाही,
बाटलीवर क्रमांक आहे, त्याखाली माझं अक्षर.
दर शनिवारी मी पाणी बदलते.
ज्याचं वाईट चिंतायचं
त्यालाच आधी जेवू घालते.

नेमिनाथ मगदूम जयसिंगपूरहून पहिल्या एसटीने येतो,
झाकण उघडताना अजूनही श्वास रोखतो.
श्वास घे रे, म्हणते मी,
श्वासच तर आपला विषय.
घेतलेल्या प्राणवायूतला जरासा
वाट चुकतो, एक इलेक्ट्रॉन जास्तीचा उचलतो,
आणि घरच्याच भिंतींना दात लावत सुटतो.
त्याला आवरायला पेशीने एक विकर ठेवलंय,
पोटाशी मँगनीजचा
एकच अणू धरून बसलेलं.

हा शब्द पुस्तकात फार नंतर भेटला.
आधी ऐकला तो उद्यमनगरात, भट्टीच्या तोंडाशी,
डबा घेऊन गेले होते तेव्हा.
"रसात हवा ऱ्हायली की जिन्नस फुटतंय,"
आप्पा म्हणाले,
आणि पोत्यातले काळे खडे मूठभर आत टाकले.
खडे हवेला धरून वर आले,
काहिलीत उसाच्या रसावर येते तशी मळी.
आप्पांनी ती ओढून काढली.
त्यांच्या कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग होते,
मी ते मोजायचे. मोजणं तिथून लागलं असावं.

मार्चमध्ये आम्ही त्या पेशींना
हेच विकर जास्तीचं करायला लावलं.
दोनाच्या चार व्हायला बावीस तास लागायचे,
ते एकेचाळीस झाले.
नेमिनाथने तीनदा मोजलं. मग मी.
मग बाबालाल मामांना बसवलं सूक्ष्मदर्शकापाशी,
जे तीस वर्षं बाटल्या धुतायत
आणि ज्यांना आम्ही कधी सांगितलं नव्हतं कशाच्या.
त्यांचाही आकडा तोच आला.
बाहेर मोर ओरडला, विद्यापीठातले मोर
कशालाही ओरडतात.

जुलैत दुसरं विकर घातलं, कॅटलेज.
पहिलं आपलं काम करून
मागे पेरॉक्साइड सोडतं, हे ते धुऊन काढतं.
शाळेत बटाट्याच्या फोडीवर फसफसलं होतं, तेच.
अजून थोडी सफाई, एवढाच हेतू.
आठवड्यात पेशी चोविसावर आल्या.
नंतर बाविसावर.

म्हणजे त्यांना अडवत होता
तो मागे राहिलेला मळच.
आम्ही खराटा घेऊन गेलो
आणि त्यांच्या पायातला काटा काढून आलो.

नेमिनाथ काही बोलला नाही.
वहीत त्याने आकड्याखाली रेघ मारली,
इतकी जोरात
की मागच्या पानावर, मार्चच्या आकड्यांतून,
उमटली.

आप्पांना सांगितलं. आता त्यांना कमी ऐकू येतं,
दोनदा सांगितलं.
"कमी घातलं तर फुटतंय," म्हणाले,
"लई घातलं तरी फुटतंय."
मग किती घालायचं, आप्पा?
"त्या दिवसाच्या रसाला इचारायचं की."
अनुदानाच्या अर्जात
असा रकाना नसतो.

परवा शेजारच्या मैनाक्का आल्या.
तिसऱ्या किमोनंतर डोक्याला जावयाचा मफलर,
हातात मोरावळ्याची बरणी.
कुणीसं सांगितलंय, यानं पेशी धुतल्या जात्यात.
"तू त्यातलीच न्हवं गं? सांग, खाऊ का नको?"
कुणाच्या पेशी, मैनाक्का, हे विचारायचं होतं मला.
तुमच्या, की तिच्या?
म्हटलं, डॉक्टरांना विचारा.
"आता! तू बी डॉक्टरच की!"
हसल्या, खोकल्या, पायरीवर टेकल्या.
मी पण टेकले.

तासभर दुसरंच बोलत होतो.
सुनेची बदली, पंचगंगेचं पाणी कुठवर आलंय,
बरणी दोघींच्या मध्ये, झाकण न उघडलेली.

आज शनिवार.
नेमिनाथ आधीच आलाय,
आणि बाटली उघडताना
श्वास घेतोय, मला ऐकू येईल इतका.